चिंचेनं घासलेली गाडी

आठ वर्षं जागची न हललेल्या गाडीच्या दारावर कुणी टकटक केली, तर आत बसलेल्या पोरीनं करायचं तरी काय?

विजयमालानं तोंडातली चिंच गालात सरकवली आणि गप्प बसून राहिली. गोठ्याशेजारच्या छपरात उभी असलेली ती जुनी पिकअप म्हणजे तिची हक्काची जागा. दुपारी आईचा डोळा लागला, की मडक्यातनं मीठ लावलेल्या चिंचेचा गोळा उचलायचा, दरवाजाला खांदा देऊन आत शिरायचं आणि मासिक वाचत बसायचं. चालकाच्या जागेवर तांबडी कोंबडी अंडी उबवत बसलेली, शेजारी ही. दोघींचं बरं जमायचं.

टक. टक टक.

बाहेरच्याला आत यायचं नव्हतंच. तो दारावर एका जागी बोट वाजवायचा, कान द्यायचा, मग वीतभर खाली वाजवायचा. वर आवाज खणखणीत, खाली येता येता बद्द. मग खिडकीच्या मळक्या काचेला एक तळवा टेकला... रुंद, काळपट, बोटांवर भाजल्याचे पांढरे डाग असलेला. तळव्यामागून दोन डोळे आले. डोळ्यांना आधी कोंबडी दिसली, मग विजयमाला.

"आं..." बाहेरचा दोन पावलं मागं सरला. "आत मानूस हाय व्हय?"

"दोघी हाय आमी," विजयमाला म्हणाली. "तुमाला कोन पायजे?"

तो हसला. आता हसणारी माणसं जगात काय कमी आहेत? पण हा आधी डोळ्यांनी हसला, मग जरा थांबून ओठांनी, आणि त्या मधल्या वेळात विजयमालाच्या गालातली चिंच घशाकडं निघाली. ती खोकायला लागली, तसा त्यानं घाईनं दरवाजा ओढला. बिजागऱ्या पार गंजलेल्या. अख्खा दरवाजा त्याच्या हातात निघून आला.

"म्या काय केलं न्हाई," दरवाजा छातीशी धरून तो म्हणाला.

"आल्या आल्या घर मोडलंसा की माझं."

"बसवून दितो."

"अन् कोंबडी भ्याली त्येचं?"

"तिचीबी माफी मागतो," तो म्हणाला, आणि खरोखर मागितली. कोंबडीनं मान वळवली. विजयमालाला हसू आवरेना, म्हणून ती दुसऱ्या दारानं उतरून घराकडं पळाली.

त्याचं नाव कृष्णात माने. रहिमतपूरचा. घरची जमीन थोडी, भाऊ तीन, म्हणून हा सांगलीला जाऊन सहा वर्षं एका गॅरेजात गाड्यांचं पत्राकाम शिकला. त्या दिवशी तो भंगारवाल्या बाळासोबरोबर आला होता, तो गाडीचे गॅसनं किती तुकडे करावे लागतील ते बघायला. नीट करायला नव्हे, कापायला.

गाडी विजयमालाच्या वडिलांची, सुभेदार आकाराम यादवांची. पेन्शनीत आल्यावर त्यांनी ती लष्कराच्या लिलावात घेतली. अमेरिकन बनावटीची, लढाईच्या काळातली, मागं उघडा हौदा. कडेगावच्या मळ्यातनं सांगलीच्या पेठेला गुळाच्या ढेपा तिनं वर्षानुवर्षं नेल्या. मग सुभेदारांची कंबर धरली आणि गाडी छपरात गेली. इंजिनाला त्यांनी तेलपाणी कधी चुकवलं नाही, पण पत्र्याकडं कोण बघतो? गंजानं आपलं काम गुपचूप केलं. आणि आता विजयमालाच्या आईला, बनुबाईला, त्या जागी म्हैस बांधायची होती.

"काय रं, किती तुकडं हुतील?" बाळासोनं अंगणात चहा पिता पिता विचारलं.

"कापू नये ही," कृष्णात म्हणाला.

"म्हंजी?"

"खाली वीतभर पत्रा कुजलाय. वरचं समदं खणखणीत वाजतंय. असा जाड पत्रा आता मिळत न्हाई कुठं. ही कापली तर माझ्या हाताला सुख लागनार न्हाई."

बाळासोनं कपबशी खाली ठेवली. "तुला कापाय आनलाय, अन् तू जोडाय बसलास व्हय रं?"

 मिशीवरनं बोट फिरवत सुभेदारांनी छपराकडं बघितलं. दाराआडनं विजयमाला म्हणाली, "करूया की, आबा." तिला गाडी वाचवायची होती, खरंच वाचवायची होती. त्यात त्या हसण्याचा वाटा किती, हे तेव्हा तिला कुणी विचारलं असतं तर तिनं भांडण काढलं असतं.

"ऐक," सुभेदार शेवटी म्हणाले. "काल गौरी गेल्या. खंडेनवमीला गाडी पुरी पायजे. गंजाचा एक ठिपका दिसता कामा न्हाई. पूजंला उभी ऱ्हायली तर ऱ्हायली. न्हाई तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी बाळासो घिऊन जाईल. इंजिन माझं, पत्रा तुझा. शब्द म्हंजी शब्द."

"म्हंजी म्हैस ऱ्हायली," बनुबाई आतनं म्हणाली.

कृष्णातनं मळ्यात विहिरीवरल्या मोटारीच्या खोलीत वळकटी टाकली आणि दुसऱ्या दिवशी ठोकाठोक सुरू झाली. चार दिवसांत त्यानं दोन्ही दरवाजे उतरवले, फुगलेला रंग खरवडला. मग पत्रा जोडायचं झाळकामाचं सामान आणायला तो दोन दिवस सांगलीला गेला.

आणि इथं विजयमालानं घोळ घातला.

तिला वाटलं, आपणही हात लावावा. भिंतीला टेकवलेला तो तांबारलेला दरवाजा बघून तिला काय आठवावं, तर आईचा तांब्याचा हंडा. दिवाळीला आई हंडा कशानं घासते? चिंचेनं. झालं. मडक्यातले चार गोळे काढून पोरगी दुपारभर दरवाजा घासत बसली. आणि काय सांगायचं, गंज निघाला की! पत्रा चांदीसारखा चमकायला लागला. तिनं त्यात आपला चेहरा बघितला, कपाळावरची बट सारखी केली आणि सुखानं झोपायला गेली.

सकाळी दरवाजा शेंदूर फासल्यासारखा लालभडक झाला होता. आदल्या दिवशी होता त्याच्या दुप्पट गंज. ती फडकं घेऊन पुसतेय, पुसतेय, तोवर सांगलीची पहिली गाडी येऊन गेली आणि कृष्णात दारात उभा.

"कुनी केलं ह्ये?"

कोंबडीवर ढकलायची सोय नव्हती. "म्या," विजयमाला म्हणाली. "ते... चिंचंनं घासला."

तो ओरडेल असं तिला वाटलं. तो उकिडवा बसला, पत्र्यावरनं बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"खारट."

"मीठ लावून ठेवलेली चिंच हाय. बिनमिठाची किडती."

"घासल्यावर गंज समदा गेलता?"

"समदा. तोंड दिसत हुतं."

"कुनाचं?"

"माझंच. दुसरं कोन हुतं तिथं?"

"मग पत्र्याला काय झालं ते कळलं," तो गंभीरपणे म्हणाला. "लाजून लाल झालाय."

तिनं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. त्यानं ते झेललं आणि पुन्हा दरवाजाकडं वळला, पण आता त्याचं ध्यान कामात गेलं होतं. "चिंच गंज खाती, ह्ये खरं. पन तिला तशीच ठेवली तर पत्राबी खाती. अन् मिठानं तर काय बघायलाच नको. आई हंडा चिंचंनं घासून झाल्यावर काय लावती?"

"राख. मग धुती, अन् लगीच कोरडा करती."

"राख..." त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "सांगलीत आमी दगडानं घासून घासून बोटं सोलून घेतली. एकाला सुचलं न्हाई."

अशी ती रीत ठरली. आधी चिंच पाण्यात कोळून मीठ काढायचं. मग चिंच, मग राख, मग पाणी, मग कोरडं फडकं, आणि उन्हं उतरायच्या आत गंज रोखणाऱ्या लाल ऑक्साईडचा हात. चिंच-राख-फडकं विजयमालाकडं, ठोकणं-झाळणं कृष्णातकडं. जिथं पत्रा चाळणी झाला होता, तिथं तो कापून टाकायचा आणि तेलाच्या जुन्या पिंपाचा पत्रा मापानं बसवायचा. भोकांत लांबी, म्हणजे पुटीन, भरून वरनं रंग मारला असता, तर निम्म्या दिवसांत काम उरकलं असतं. तसं ती एकदा म्हणालीसुद्धा.

"लांबीखाली गंज जित्ता ऱ्हातोय," तो म्हणाला. "वरनं झाकलेलं मला जमत न्हाई."

हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढं ह्याच बाबाला ते चांगलंच जड गेलं.

मडक्यातली चिंच उतरत चालली. एका दुपारी सुभेदार जेवता जेवता थांबले. "आमटीला आंबट न्हाई."

"गाडीनं खाल्लं," बनुबाई म्हणाली आणि लेकीकडं बघितलं. विजयमालानं ताटातली भाकरी मोजून चार घासांत संपवली.

सगळ्यात अवघड निघालं डाव्या चाकावरचं मडगार्ड. त्याला पोचा पडला होता, भला मोठा. बाहेरनं हातोडी मारायची, तर आतनं कुणीतरी लोखंडी ठोकळा दाबून धरायला हवा. विजयमाला चाकाच्या खळग्यात बसली, तो बाहेर. मधे पत्रा. आवाजात बोलणं ऐकू येईना, म्हणून त्यानं खूण ठरवली. एक ठोका म्हणजे धरा. दोन म्हणजे सरका. तीन म्हणजे झालं, सोडा.

टक. तिनं ठोकळा धरला. हातोडीचा घाव पत्र्यातनं ठोकळ्यात आणि ठोकळ्यातनं तिच्या मनगटात उतरला. टक टक. ती बोटभर सरकली. तिला तो दिसत नव्हता, त्याला ती दिसत नव्हती, पण त्याचा हात नेमका कुठं आहे ते तिला कळत होतं. त्यालाही कळत असणार, कारण एकही घाव ठोकळा सोडून पडला नाही. दुपारभर ते दोघं एका पत्र्याच्या दोन बाजूंनी तसे काम करत राहिले. तीन ठोके आले तेव्हा विजयमालाला वाईट वाटलं. वाईट कशाचं, तर पोचा निघाल्याचं. ऐका नवल.

"या भायेर. डोळं मिटा," तो म्हणाला.

"कशापायी?"

"मिटा तर. आता तळवा फिरवा ह्येच्यावरनं. पोचा हाय का बघा."

तिनं डोळे मिटून मडगार्डावरनं हात फिरवला. पत्रा उन्हानं तापलेला, गुळगुळीत. "न्हाई काय."

"डोळ्याला फसवता येतंय. तळव्याला न्हाई येत," त्याचा आवाज अगदी जवळनं आला. "अजून फिरवा. खाली... डावीकडं..."

डावीकडं त्याचाच हात होता. विजयमालाचा तळवा त्यावर गेला आणि थांबला. डोळे उघडायला हवे होते. तिनं उघडले नाहीत. त्यानं हात काढून घ्यायला हवा होता. त्यानंही घेतला नाही.

"इथं खडबडीत हाय," ती हळूच म्हणाली.

"ते... त्ये नीट हुयाचं न्हाई. भाजलेलं हाय."

"असू द्या," ती म्हणाली. तेवढ्यात गोठ्यातनं बनुबाईनं हाक मारली, आणि दोघं दोन दिशांना गेली.

घटस्थापनेच्या दिवशी बनुबाईनं त्याला जेवायला वाढताना सहज विचारलं, "मग दसरा झाल्यावर काय रं, पोरा?"

"पुन्याला जानार, काकू. बसगाड्यांची बॉडी बांधायचा कारखाना हाय. पत्र आलंय. दसऱ्याच्या तिसऱ्या दिशी हजर व्हायचंय. पक्की नोकरी हाय."

"बरं झालं," बनुबाई म्हणाली.

विजयमालाला काही ते बरं वाटलं नाही. भाकरीचं पीठ मळता मळता तिला सगळा हिशेब दिसला. गाडी पुरी झाली, तर कृष्णात जाणार. पुरी नाही झाली, तर गाडी जाणार आणि कृष्णातही जाणारच. आपण रोज चिंच घेऊन बसतो आणि आपल्याच हातानं त्याला पुण्याच्या रस्त्याला लावतो. आणि तो? तो शिट्टी वाजवत पत्रा ठोकतो. त्याला काही वाटतं की नाही, हे विचारायचं कसं? सुभेदारांना जावई लष्करातला हवा होता, हे तर त्या तांबड्या कोंबडीलासुद्धा ठाऊक होतं. पण मुळात समोरच्याच्या मनात काय आहे तेच कळत नसेल, तर बापाशी भांडायचं कशाच्या जोरावर?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हौद्याचा मागचा फाळका तेवढा उरला होता. तिनं तो चिंचेनं घासला. राखेचं घमेलं शेजारीच होतं. तिनं त्याकडं बघितलं... आणि न लावताच घरी गेली.

रात्री परतीचा पाऊस आला, विजा कडाडत. ती अंथरुणात जागी पडून राहिली. एक दिवस वाढेल, एवढंच तिच्या मनात होतं. पण उजाडता उजाडता तिला आबांचा शब्द आठवला, बाळासोचा ट्रक आठवला. ती पळत छपरात गेली.

कृष्णात तिच्या आधी आला होता. फाळका लालभडक, आणि हा मुकाट चिंच लावून तो घासत बसलेला. त्यानं वर बघितलं.  फक्त म्हणाला, "राख द्या जरा."

तिनं राख दिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं राखेवर ढकललं.

त्यानंतर त्यांचं बोलणं कमी झालं. त्यानं हिरवा रंग दिला, लष्करी हिरवा, सुभेदारांच्या आवडीचा. दरवाजे पुन्हा बसवले. आता ते एका बोटानं उघडत आणि लागत. कोंबडीची पिल्लं कधीच बाहेर पडली होती. अष्टमीच्या दुपारी सुभेदार कंबरेला हात लावून गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आले, प्रत्येक पत्र्यावरनं तळवा फिरवला आणि "हं" म्हणाले. सुभेदारांचं "हं" म्हणजे दुसऱ्या कुणी पाठ थोपटल्यासारखं.

खंडेनवमीची सकाळ निघाली ती लख्ख ऊन घेऊन. पाटावर सगळी हत्यारं मांडली होती. सुभेदारांची लष्करातली सुरी, घरची कोयती-खुरपी, इंजिनाचे पाने, आणि कृष्णातची हातोडी, ठोकळा, पटाशी, ब्रश. सगळ्यांना हळदकुंकू लागलं. गाडीला झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना ऊस बांधलेला. विजयमालानं नवी पाचवारी नेसली होती आणि तिला रडू येत होतं. कृष्णातची वळकटी दारात बांधून ठेवलेली तिनं बघितली होती.

सुभेदारांनी नारळ सोलून हातात घेतला.

"सुभेदार," कृष्णात म्हणाला. "नारळ फोडू नका. गाडी पुरी न्हाई."

सुभेदारांचा हात वरच्या वर थांबला. "काय ऱ्हायलंय?"

कृष्णातनं डावा दरवाजा उघडला आणि खाली वाकून आतल्या कडेला बोट लावलं. तिथं तळव्याएवढी जागा उघडी होती. ना लाल ऑक्साईड, ना हिरवा रंग. पावसाच्या ओलीनं तिच्यावर गंज धरलेला होता. पुरतं वाकल्याशिवाय ती कुणालाच दिसली नसती, आणि वरनं तळवा फिरवूनही कळली नसती.

"नजरंतनं चुकली?"

"न्हाई. मुद्दाम ठिवली."

"कशापायी?"

 कृष्णातची मान खाली गेली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या.  ज्याला झाकलेलं जमत नव्हतं, त्यानं हे झाकलं होतं.

तो पाटाकडं वळला तशी बनुबाई आडवी आली. "हात लावशील तर बघ. मांडलेली हत्यारं उद्या पूजा उतरल्याबिगर उचलायची न्हाईत."

"मग शब्द गेला," सुभेदार म्हणाले. त्यांचा आवाज बसल्यासारखा झाला होता. "खंडेनवमीला गंजाचा ठिपका नको म्हनलो हुतो. परवा बाळासो येईल."



"आबा," विजयमाला म्हणाली, "हत्यार न उचलता केली तर चालंल?"

"कशानं करशील?"

उत्तर द्यायला ती तिथं होती कुठं? ती स्वयंपाकघरात. दसऱ्याच्या आमटीला म्हणून आईनं मडक्याच्या तळाशी राखून ठेवलेला शेवटचा गोळा तिनं उचलला, पाण्यात कोळला, चुलीतली मूठभर राख घेतली. येता येता आबांनी सोललेल्या नारळाची शेंडी उचलली आणि नव्या साडीनिशी दरवाजापाशी मातीत बसली. कृष्णात शेजारी बसला. शेंडीनं चिंच घासायची ती, पाणी ओतायचा तो. दोघांची डोकी दरवाजाच्या आडोशाला जवळ आली.

"कशापायी ठिवली?" तिनं खालच्या आवाजात विचारलं. हात चालूच होते.

"वर्षाभरानं गंज वर आला असता. मग तुमी... मला बोलवून घेतलं असतंसा."

"वर्षाभरानं?"

"लवकर येईल अशी जागा दुसरी न्हवती."

"अन् मग सांगितलंसा का?"

"आठ दिस झोप न्हाई. गाडीला फसवून तुमच्याकडं यायचं... ते बरं वाटंना." त्यानं पाणी ओतलं. "मला पुन्याला जायाचं न्हाई, माला. मला तुमी पायजे. सरळ सांगायला धीर न्हवता, म्हनून पत्र्यात लपवलं."

त्यानं पहिल्यांदाच तिला माला म्हटलं होतं. तिनं राख लावली. जरा जास्तच जोरानं लावली.

"तो फाळका," ती म्हणाली, "म्या गंजवलेला. मुद्दाम."

"ठाव हाय."

"ठाव हाय?"

"समद्या छपरात चिंचंचा वास सुटलेला. अन् राखंचं घमेलं भरल्यालं तसंच. तवाच कळलं, एकट्यालाच झोप येत न्हाई असं न्हाई."

"मग बोललासा का न्हाई?"

"तुमी कुठं बोललासा?"

तिला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. तिनं नव्या साडीच्या पदरानं ती जागा कोरडी केली. ब्रश पूजेत होता, म्हणून कृष्णातनं लाल ऑक्साईडच्या डब्यात बोट बुडवलं. तिनंही बुडवलं. दोन बोटांनी दोन बाजूंनी रंग भरत आला आणि मधे येऊन बोटं एकमेकांना लागली.

"झालं?" वरनं सुभेदारांचा आवाज आला. दोघं दचकून उभी राहिली. सुभेदार बॉनेटपाशी होते, हातात नारळ तसाच.

"झालं, आबा."

ते आले. कंबर धरून, दमानं वाकले. कडेकडेनं नीट बघितलं. "गंज हाय कुठं आता?"

"न्हाई," कृष्णात म्हणाला. "हिरवा रंग तेवढा... वाळल्यावर, परवा..."

"रंगाचं म्या बोललो न्हवतो. गंजाचं बोललो हुतो. पुरी झाली." ते सरळ झाले. "अन् दुसरी गोष्ट. इंजिनाशी हुबा ऱ्हायलेल्या मानसाला दरवाजाआडचं समदं ऐकू येतंय."

विजयमालानं पदर तोंडावर घेतला. त्या पदरावर चिंच, राख आणि लाल रंग, तिन्ही होते.

"वडलांचं नाव काय तुझ्या?"

"कोंडीबा माने."

"त्यांना पत्र टाकतो. पुन्याला काय कळवायचं ते तुझं तू कळव."

"आवं, पन तुमाला तर लष्करातला..." बनुबाई आरतीचं ताट घेऊन तशीच उभी.

"लष्करात तीस वरसं काढली, बने. आपली चूक आपन हून सांगनारा गडी तिथंबी लय कमी बघितला." सुभेदारांनी तिच्याकडं न बघता नारळ फोडला. "अन् कडेगावच्या रस्त्याला छप्पर घालायला आपली जागा हाय. पत्रा ठोकायला जागा लागंल न्हवं ह्येला?"

"माझी चिंच संपली ती कोन भरनार?" बनुबाई म्हणाली. पण तिचा चेहरा सांगत होता की म्हैस, चिंच, सगळं तिनं केव्हाच सोडून दिलंय.

इंजिन दुसऱ्या हिसक्याला लागलं. सुभेदार चालकाच्या जागी, शेजारी बनुबाई, कडेला विजयमाला. कृष्णातला जागा उरली ती मागच्या हौद्यात, ऊस आणि झेंडूच्या पाकळ्यांमधे. गाडी छपरातनं बाहेर पडली, मळ्याच्या वाटेनं हिंदकळत कडेगावच्या रस्त्याला लागली. उसाला तुरे यायला अजून अवकाश होता, पण वारा सुटला होता आणि पानं सळसळत होती.

विजयमालाच्या पाठीशी केबिनचा पत्रा होता. पत्र्याच्या पलीकडं, टेकून, तो बसला असणार. नेमका कुठं, ते तिला न बघता कळत होतं. तिनं हात मागं नेला आणि बोटानं एकदा वाजवलं.

टक. धरा.

क्षणभर काही नाही. मग पलीकडनं, अगदी त्याच जागी, एक ठोका आला.

"काय वाजतंय गं?" बनुबाईनं विचारलं. "पत्रा ढिला ऱ्हायला का काय?"

"न्हाई, आई," विजयमाला म्हणाली. "घट्ट बसलाय." आणि कडेगाव येईपर्यंत तिनं तो हात तिथंच ठेवला.